चकतीवरचं तेल

बोल्ट नटाबरोबर फिरला.

मनकर्णानं पाना थांबवला. पुन्हा हलकेच दाब दिला. बोल्ट पुन्हा फिरला, लोण्यात रोवल्यासारखा. तिनं पाना खाली ठेवला आणि उगाचच हात पदराला पुसले.

कुकटपल्लीच्या त्या शेडमध्ये मोटारींचे फायबरचे भाग बनत. बोनेट, दरवाजे, मडगार्ड. फायबरला आरपार भोक पाडून बोल्ट घालता येतो, पण मग बाहेरून त्याचं डोकं दिसतं, आणि गाडी घ्यायला आलेलं गिऱ्हाईक नेमकं तिथंच बोट ठेवतं. म्हणून बोल्ट आतल्या अंगानं चिकटवायचा. ह्या बोल्टाच्या बुडाला एक गोल चकती असते आणि चकतीला चाळणीसारखी भोकं असतात. चकतीला पेस्ट लावून ती फायबरवर दाबली की पेस्ट भोकांतून वर येते आणि सुकल्यावर एकेका भोकावर बटणासारखी बसते. एकदा ती नीट धरली की फायबर फाटेल पण बोल्ट सुटणार नाही, असं शेडचे मालक रत्नम सार प्रत्येक गिऱ्हाइकाला सांगत. ते खोटं नव्हतं, कारण बोल्ट मनकर्णा लावायची.

आणि आज तिच्या हातचा बोल्ट फिरत होता.

हे जोडीतलं दुसरं बोनेट. वरच्या अंगाला कुठं खळगा दिसतो का ते बघायला तिनं ते सकाळपासून शेडच्या दारात उन्हात ठेवलं होतं. जोडीतलं पहिलं बोनेट नमुन्याच्या गाडीला बसवून झालं होतं. बॅटरीवर चालणारी, दोन माणसांची, टोमॅटोच्या रंगाची छोटी गाडी. ती घेऊन शेडचा ड्रायव्हर, तिचा धाकटा दीर श्रीपती, दोनेक तासांपूर्वीच फाटकाबाहेर पडला होता. सिकंदराबादहून गिऱ्हाईक जाफर साहेबांना बरोबर घ्यायचं आणि मेडचलच्या रस्त्यावर गाडी पळवून दाखवायची, असं त्याला सांगितलेलं होतं. पळवून म्हणजे खरोखर पळवून. त्या साहेबांना बॅटरीच्या गाडीचा दम बघायचा होता.

दोन्ही बोनेटांचे बोल्ट एकाच ताटलीतले होते.

मनकर्णानं छिन्नीचं टोक चकतीखाली घातलं आणि वर उचललं. चकती निघाली. पेस्ट फायबरला घट्ट धरून बसली होती, भोकांवरची बटणं तेवढी तुटली होती, आणि चकतीची खालची बाजू मात्र पाण्यानं धुतल्यासारखी लख्ख. पेस्ट तिला लागलीच नव्हती. मनकर्णानं चकती नाकाशी नेली. तिळाच्या तेलाचा वास. उजेडात धरली, तर एका भोकाच्या कडेला मोहरीएवढा पिवळा ठिपका दिसला.

तो ठिपका बघून तिला सगळं कळलं. पण ते बोलायची ही वेळ नव्हती. ती चकती मुठीत धरून मालकांच्या केबिनकडे धावली. शेडमध्ये तिला धावताना कुणी कधी पाहिलं नव्हतं. पलीकडे ग्राइंडरवर दरवाजाची कड घासत असलेल्या हणमंतरावांनी मशीन बंद केलं.

मनकर्णा अंबरपेठेत राहायची. रोज दोन बसा बदलून कुकटपल्लीला यायची. कुणी म्हणालं की इकडेच खोली का घेत नाही, तर म्हणायची, "आमचं विहार तिकडं, सासूबाई तिकडं, भांडायच्या बायका तिकडं. इकडं येऊन मी कुणाशी भांडू?" तिच्या सासऱ्यांचं गाव नांदेडकडचं. जुन्या हैदराबाद राज्याचे तुकडे पडून गाव तिकडच्या राज्यात गेलं, तेव्हा ते इथल्या गिरणीत कामाला होते. नोकरी सोडून कोण जातो, म्हणून राहिले, आणि घरच इथलं झालं. थोरला मुलगा, मनकर्णाचा नवरा संभाजी, सिकंदराबादला रेल्वेत लागला. ह्या वर्षी पुन्हा राज्य फाटणार म्हणून टीव्हीवर रोज आरडाओरडा चालायचा, तेव्हा सासूबाई भागूबाई खाटेवरून म्हणायच्या, "आमच्या वेळीही असंच झालं. सकाळी उठले तर हैदराबाद जागच्या जागी. नळाला पाणी तेव्हाही नव्हतं."

शेडमध्ये मात्र ही गोष्ट थट्टेवारी नेण्याजोगी उरली नव्हती. रत्नम सार किनाऱ्याकडचे, म्हणजे वेगळ्या होणाऱ्या आंध्रातले. त्यांनी सगळ्यांना बोलावून सांगितलं होतं की मोठे साचे पुढच्या वर्षी विजयवाड्याकडे हलवणार. इथं बोल्ट बसवणं आणि जोडणी एवढंच काम ठेवायचा विचार आहे, तोही सिकंदराबादची ही ऑर्डर मिळाली तर. तेलुगू कामगारांत कोण तिकडचं, कोण इकडचं ह्यावर चहाच्या वेळी शब्दाला शब्द लागू लागला. मराठी माणसं मधल्या मध्ये गप्प बसत. "आपण ना तिकडचे ना इकडचे," हणमंतराव म्हणत, "आपण गॅस्केट. दोघांच्या मधी दबायचं."

हणमंतराव उदगीरकडच्या शेतकरी घरातले. वयानं मनकर्णापेक्षा मोठे, मिशी पांढरी झालेली, बोलणं निम्मं मराठी आणि निम्मं दखनी उर्दू. मनकर्णा पहिल्यांदा शेडमध्ये झाडायला आली, तेव्हा तिला पॉलिश पेपर हातात कसा धरायचा ते त्यांनी शिकवलं आणि पेस्ट कशी कालवायची ते रत्नम सारांनी. उन्हाळ्यात घट्ट करणारा हार्डनर थोडा कमी, नाहीतर पेस्ट वाटीतच तापून दगड होते. चकतीखाली पेस्टचा थर फार जाड नको, नाहीतर सुकताना ती आक्रसते आणि बाहेरच्या चकाकत्या अंगावर खळगा दिसतो. पण सगळ्यांत पहिला धडा एकच होता. फायबर घासायचं, तेलाचा अंश काढणाऱ्या अ‍ॅसिटोननं पुसायचं, बोल्टाची चकती पुसायची, आणि पुसल्यावर बोट लावायचं नाही. बोटाचं तेलसुद्धा पेस्टला चालत नाही.

ती बोल्ट आदल्या दिवशीच धुऊन स्टीलच्या ताटलीत मांडायची आणि वरून आपला निळ्या चौकटीचा फडका टाकायची. तो फडका टाकला की ताटलीला कुणी हात लावायचा नाही, हे शेडमध्ये सगळ्यांना पाठ होतं. खंडेनवमीला दुपारीच तिनं ताटली झाकली आणि ती लवकर घरी गेली. दुसऱ्या दिवशी दसरा. त्या दिवशी अंबरपेठेच्या विहारात धम्मचक्र प्रवर्तनाचा कार्यक्रम, खिरीचं पातेलं तिच्याकडे. सुट्टी संपवून ती आली तेव्हा फडका जागेवर होता. बंदमुळे अ‍ॅसिटोनचा नवा डबा आला नव्हता, जुन्याच्या तळाशी थोडंसं उरलं होतं. ते तिनं फायबर पुसायला वापरलं. बोल्ट तर आपणच धुतलेले, झाकलेले. ते पुन्हा पुसले नाहीत.

रत्नम सारांनी चकती हातात घेतली, वास घेतला, नखानं खरवडली. ते स्वतः ह्या कामातले इंजिनिअर होते, त्यांना काही समजावून सांगावं लागलं नाही. त्यांचा चेहरा उतरला.

"गाडीला लावलेल्या बोनेटचे बोल्ट सकाळी तपासलेस?" त्यांनी विचारलं. ते तेलुगूत बोलत, मनकर्णा दखनीत उत्तर देई. इतक्या वर्षांत दोघांनाही त्याचं काही वाटेनासं झालं होतं.

"तपासले सार. तेव्हा धरले होते. नुसती बटणं धरून होती. हे उन्हात तापल्यावर सुटलं."

दोघांनीही दाराबाहेर बघितलं. बाहेर ऑक्टोबरचं ऊन फटफटीत पडलं होतं.

बोनेटचं कुलूप पुढच्या बाजूला, दोन बोल्टांवर. ते दोन सुटले की पुढून वारा आत शिरणार, बोनेट वर उचलणार आणि मागं समोरच्या काचेवर आपटणार. शहरातल्या गर्दीत गाडी रांगत चालते, तिथं काही होणार नाही. बोइनपल्ली, सुचित्रा, कोमपल्लीपर्यंत रस्ता भरलेला. त्याच्या पुढं मोकळा.

सारांनी श्रीपतीला फोन लावला. घंटी वाजत राहिली. पुन्हा लावला. पुन्हा तेच.

"उचलणार नाही तो," मनकर्णा म्हणाली.

"का?"

"मीच शपथ घातलीय."

दोन वर्षांपूर्वी श्रीपती मोटारसायकलवर फोन कानाला लावून बोलत होता आणि रिक्षावर जाऊन आदळला. मांडीचं हाड मोडलं. महिनाभर मनकर्णानं त्याचं सगळं केलं. तो उभा राहिला त्या दिवशी तिनं त्याला घरातल्या बुद्धमूर्तीपुढं बसवलं आणि म्हणाली, आजपासून वाहनावर बसून फोन उचलणार नाही असं म्हण, नाहीतर ह्या घरात जेवायचं नाही. लहानपणापासून तिच्याच हातचं जेवलेला तो. त्यानं शब्द दिला आणि पाळला. नात्यातले लोक हसायचे. म्हणायचे, श्रीपतीला फोन करायचा तर आधी त्याच्या गाडीला पंक्चर करावं लागतं.

सारांनी सिकंदराबादच्या ऑफिसला लावला. जाफर साहेब गाडीत बसून निघाले, असं कळलं. किती वेळ झाला? अर्धा-पाऊण तास. सारांनी साहेबांचा मोबाइल लावला. नंबर व्यस्त.

केबिनमध्ये पंखा घरघरत होता. दारात हणमंतराव येऊन उभे होते. त्यांच्यामागं आणखी दोघंतिघं.

"लागला की मी बोलतो," सार म्हणाले. "सांगतो, ड्रायव्हरची आई आजारी आहे, त्याला परत पाठवा. गाडी इकडं आली की बघू. बोनेटचं त्यांना काही कळता कामा नये. कळलं तर ऑर्डर गेली, आणि ही शेडही गेली."

त्यांचं म्हणणं खोटं नव्हतं. शेड गेली तर आपलं काय हे मनकर्णालाही समजत होतं. पण ती मान हलवू लागली.

"नक्को सार. तसं नक्को बोलू."

"आगम्मा, जरा थांब, मला बोलू दे."

"सार, आई आजारी ऐकलं की तो गाडी हळू चालवेल का पळवेल?"

सारांनी साहेबांचा नंबर पुन्हा लावला.

"शेंडेफळ आहे तो. आईचं नुसतं डोकं दुखलं तरी बस सोडून रिक्षा करतो. तुम्ही आजारी म्हणाल, तो जागच्या जागी वळवेल आणि मोकळ्या रस्त्यानं असेल नसेल तेवढ्या वेगानं येईल. तुम्हीच त्याला उडवाल सार."

सारांच्या हातातल्या फोनवर घंटी वाजू लागली होती. नंबर मोकळा झाला होता. एक, दोन, तीन वेळा वाजली. मग पलीकडून आवाज आला, "हां, रत्नम गारू, बोलिए. आपकी गाडी तो मक्खन चल रई."

सारांनी तोंड उघडलं. त्यांना खोटं बोलता येईना आणि खरंही बोलता येईना. मनकर्णानं हात पुढं केला आणि त्यांच्या बोटांतून फोन काढून घेतला. त्यांनी धरून ठेवला नाही.

"साब, मैं शेड से मनकर्णा बोलरई. गाडी आहिस्ता करके बाजू में लगाने बोलो."

"कौन मनकर्णा?"

"बोल्ट लगानेवाली साब. सामने के बोनेट का बोल्ट पकडा नै. हवा से उडके काच पे आएगा."

"ये तुमकू कौन बोला?"

"मैंच लगाई साब वो बोल्ट."

पलीकडं थोडा वेळ नुसता वाऱ्याचा आवाज. त्यावरून गाडी कुठं असावी हे सगळ्यांना कळलं. वारा असा वाजतो तो गर्दीत नव्हे. मग साहेबांचा आवाज, जरा लांबून, श्रीपतीशी बोलताना. मग पुन्हा फोनवर, "तुम्हारा ड्रायव्हर बोलता, चलाते टाइम फोन पे बात नै करता."

"बात नक्को करने दो साब. उसकू इतनाच बोलो, वहिनी बोली थांब. एकदम ब्रेक नक्को, हळू."

"क्या बोलूं?"

"वहिनी बोली, थांब."

साहेबांनी ते शब्द जसेच्या तसे म्हटले. सिकंदराबादच्या जुन्या उर्दू वळणाचा तो 'थांब' फोनमधून केबिनभर ऐकू आला. मग इंडिकेटरची टिकटिक. मागून एका लॉरीचा लांबलचक हॉर्न जवळ आला, मोठा झाला, पुढं गेला. चाकांखाली खडी करकरली.

"रुक गए," साहेब म्हणाले.

मनकर्णानं फोन सारांच्या टेबलावर ठेवला. हणमंतरावांनी स्टूल पुढं सरकवलं. ती बसली नाही.

"टेम्पो काढा दादा," ती म्हणाली. "दोरी घ्या. दुसरं बोनेट नको, त्याचेही तसेच आहेत."

टेम्पो हणमंतराव चालवत होते, शेजारी मनकर्णा. चकती अजून तिच्या मुठीत होती. बालानगर आलं. चौकात मिरवणूक चालली होती, गुलाबी रंग उधळत, नव्या राज्याच्या घोषणा देत. टेम्पोच्या काचेवर रंगाची मूठ येऊन पडली. हणमंतरावांनी वायपर लावला, तसा सगळ्या काचेवर गुलाबी चिखल झाला.

"दादा," मनकर्णा म्हणाली, "खंडेनवमीला आयुधपूजा तुम्ही केली ना?"

"दरसाल मीच करतो."

"माझ्या ताटलीची पण केली?"

हणमंतरावांनी गियर बदलला. मग म्हणाले, "तुझा फडका उचलला नसता मी. पण सगळ्यांच्या हत्यारांना हळद-कुंकू लागलं, ग्राइंडरला लागलं, साच्यांना लागलं, वजनकाट्याला सुद्धा लागलं. तुझीच ताटली तेवढी कोपऱ्यात झाकून. मला बरं वाटेना. आता शेडचं काय होतं, कुणाचं काय होतं. म्हटलं, हिचं काम मागं नको राहायला."

"मग?"

"लावलं. एकेका चकतीला टिकली." ते थांबले. "लावल्यावर आठवलं, तू हे मानत नाहीस. उद्या येऊन बघशील, तुला वाईट वाटेल. म्हणून पुसून काढलं सगळं. एकसुद्धा ठेवलं नाही."

"कशानं पुसलं?"

"आमची घरवाली गंगू म्हणते ना, कुंकू पाण्यानं पसरतं, तेलानं निघतं. समईतलं तेल घेतलं बोटावर. मग कोरड्या कपड्यानं लख्ख केलं." एवढं बोलेपर्यंत त्यांच्या आवाजात आपलं काम नीट केल्याचं समाधान होतं. मग आपण काय बोललो ते त्यांना ऐकू आलं. टेम्पोचा वेग आपोआप कमी झाला.

"तेलानं," ते पुन्हा म्हणाले.

मनकर्णानं मूठ उघडून चकती त्यांच्या मांडीवर ठेवली. त्यांनी तिच्याकडं बघितलं नाही. पॉलिश पेपर हातात धरायला शिकवताना त्यांनीच तिला सांगितलं होतं की फायबरचं आणि तेलाचं वैर.

"शिव्या दे मला," ते म्हणाले.

"देईन. आधी काच पुसा, समोरचं दिसत नाही."

कोमपल्लीच्या पुढं, जिथं दुकानं संपतात आणि द्राक्षाचे मळे सुरू होतात, तिथं लाल गाडी रस्त्याच्या कडेला उभी होती. श्रीपतीनं आपल्या गळ्यातला गमछा कुलपाच्या जागी बांधून ठेवला होता. पस्तिशीचा तो गडी वहिनीला बघून शाळकरी पोरासारखा सरळ उभा राहिला. जाफर साहेब, पांढरी दाढी, पांढरा शर्ट, समोरच्या टपरीवर चहा पीत होते.

"वहिनी, साहेब म्हणाले, वहिनी बोली थांब," श्रीपती म्हणाला. "मी म्हटलं, हे 'थांब' साहेबांना आपोआप सुचणार नाही. पाय काढला लगेच. सत्तरच्या पुढं होतो गं मी."

मनकर्णानं त्याच्या खांद्यावरून एकदा हात फिरवला आणि बोनेटकडं वळली. गमछा सोडला, बोनेट उचललं, कुलपाच्या पट्टीला धरून ओढलं. एक बोल्ट चकतीसकट तिच्या हातात आला. दुसरा हलला, पण निघाला नाही.

साहेब चहाचा कप घेऊन शेजारी येऊन उभे राहिले होते.

"ये एक निकल गया," ते म्हणाले. "और ये?"

"आधा पकडा हुआ है साब."

"आधे पकडे हुए बोनेट का मैं क्या करूं?"

मनकर्णानं सुटलेला बोल्ट उलटा करून चकती त्यांच्यापुढं धरली.

"हुआ कैसे? तुम लोगां का काम तो पक्का बोलते सब."

"चकती कू तेल लगा था साब. मैं पोंछे बगैर लगाई. पोंछना था."

एवढंच ती म्हणाली. ते खरं होतं. हणमंतराव टेम्पोच्या दाराशी उभे होते. साहेबांना त्यांची ओळख नव्हती, कुणी त्यांना काही विचारलंही नव्हतं. ते बोलले नसते तर विषय तिथंच संपला असता. ते दोन पावलं पुढं आले.

"तेल मैं लगाया साब," ते म्हणाले. "आयुधपूजा में. इसकू मालूम नै था."

साहेबांनी दोघांकडं आळीपाळीनं बघितलं. मग मनकर्णाच्या हातातल्या चकतीकडं.

"पूजा का तेल?"

"हौ साब."

"यानी दुआ लगी हुई गाडी में मरने चला था मैं," साहेब म्हणाले आणि उरलेला चहा संपवला. श्रीपतीला हसू आलं, ते त्यानं गमछ्यात दाबलं. हणमंतरावांनी मान वर केली नाही.

"गाडी ले जाओ," साहेब म्हणाले. "सब बोल्ट निकालो, नए लगाओ. फिर बुलाओ, फिर बैठूंगा. मगर चलाएगा येइच," त्यांनी श्रीपतीकडं बोट केलं, "जो फोन नै उठाता. ऑर्डर का मैं सोचके बोलूंगा."

गाडी दोरीनं बांधून, बोनेट काढून टेम्पोत घालून ते परत आले. वाटेत मनकर्णानं हणमंतरावांना शिव्या दिल्या. मोजून-मापून नव्हे, पोटभर. त्यांनी गाडी चालवत सगळ्या ऐकल्या, आणि मध्येच एकदा म्हणाले, "ही शेवटची मी उदगीरला पण ऐकली नव्हती."

पुढचे दिवस फार बरे गेले नाहीत. ताटलीतले सगळे बोल्ट मनकर्णानं काढले, घासले, नव्या डब्यातल्या अ‍ॅसिटोननं पुसले आणि पुन्हा बसवले. तोवर रत्नम सार तिच्याशी कामापुरतंच बोलले. जाफर साहेब दुसऱ्यांदा गाडीत बसले. मेडचलपर्यंत गेले आणि आले, श्रीपतीनं गाडी हवी तेवढी पळवली. ऑर्डर आली, पण ठरली होती त्याच्या निम्मी. सार एकदा चिडून म्हणालेच, "तू फोन घेतला नसतास, मी काहीतरी सांभाळलं असतं."

"हौ सार," मनकर्णा म्हणाली. "ऑर्डर सांभाळली असती."

जानेवारी उलटल्यावर मोठे साचे ट्रकवर चढले, तेलुगू कामगारांतले काही त्यांच्याबरोबर गेले. जाताना एकमेकांच्या गळ्यात पडून रडले. चहाच्या वेळी भांडणारेच जास्त रडले. निम्म्या ऑर्डरीवर निम्मी शेड उरली. तिच्यावर देखरेख करायला सारांनी आपला भाचा ठेवला. बोल्टाचं टेबल मनकर्णाचंच राहिलं. हणमंतराव ग्राइंडरवर. तेवढ्यावर दोघांचं भागत होतं. आता ती बोल्ट आदल्या दिवशी धुऊन झाकून ठेवत नसे. लावायच्या क्षणी पुसायची, मघाशीच पुसलेला असला तरी पुन्हा पुसायची. भाचा म्हणायचा, अ‍ॅसिटोन फार जातं. ती म्हणायची, जाऊ दे.

जूनमध्ये नवं राज्य झालं. भागूबाई सकाळी उठून म्हणाल्या, "बघ गं, नळाला आलं का." आलं नव्हतं.

ऑक्टोबरात पुन्हा खंडेनवमी आली. शेड लहान झाली होती, पूजाही लहान. हणमंतरावांनी ग्राइंडरला, पान्यांना, वजनकाट्याला हळद-कुंकू लावलं. मनकर्णा ह्या वेळी लवकर गेली नव्हती. ती आपल्या टेबलापाशी बसून ताट हातात घेऊन फिरणाऱ्या हणमंतरावांना बघत होती. ते सगळीकडे गेले, आणि तिच्या टेबलापासून हातभर अंतरावर येऊन थांबले. पुढं आले नाहीत, मागंही गेले नाहीत. ताटातली वात हलत होती.

"काय दादा?"

"काही नाही. सगळ्यांचं झालं, म्हणून नुसता उभा."

मनकर्णानं टेबलाचा खालचा खण उघडला. आतून एक बोल्ट काढला. कोमपल्लीच्या पुढं तिच्या हातात आलेला तो. चकतीवर अजून पेस्टची तुटलेली बटणं होती.

"ह्याला लावा," ती म्हणाली. "हा काही कुठं लागायचा नाही आता."

हणमंतरावांनी बोल्ट डाव्या तळव्यावर उभा केला. चकतीला हळद लावली, हळदीवर कुंकू लावलं. मग सवयीनं त्यांचं बोट समईच्या तेलाकडं गेलं आणि अर्ध्यावरच थांबलं.

"राहू दे तसंच," मनकर्णा म्हणाली, आणि तिनं खण पुढं सरकवला. त्यांनी बोल्ट आत ठेवला. तिनं खण लावून घेतला, फडक्यावर अ‍ॅसिटोन घेतलं आणि दोन्ही हात कोपरापर्यंत पुसून सुट्टीनंतर लागणाऱ्या दरवाजाचं फायबर घासायला घेतलं.